फिलोमिनाच्या परातीतला खोल समुद्र

आमच्या सोसायटीत प्रवास म्हटला की त्याला विमान लागतं. समोरच्या फ्लॅटमधल्या भाविकाबेन स्वित्झर्लंडला जाऊन आल्या, त्यानंतर कित्येक महिने आमच्या लिफ्टमध्ये बर्फ पडत होता. आल्प्सच्या पायथ्याशी बसून त्यांनी घरून नेलेले खाखरे खाल्ले, त्याचेही फोटो आहेत. मी गेले पालीला. अष्टविनायकातली पाली नव्हे, उत्तनजवळची मासेमारांची पाली. भाईंदर पूर्वेला, आमच्या इंद्रलोकच्या नाक्यावर रिक्षावाल्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, उधर कौन जाता है?"

खरंच आहे त्याचं. आमच्या अख्ख्या शहराचा कचरा रोज उत्तनला जातो, त्याला रस्ता पाठ आहे. मी मात्र फिलोमिनाच्या शेजारच्या टेबलावर नोकरीचं आयुष्य काढलं, तिच्या डब्यातले बोंबील माझे समजून खाल्ले, दर नाताळला "या वर्षी नक्की येते गं" म्हटलं, आणि एकदाही तिच्या घरी गेले नाही. दोघी रिटायर झालो तेव्हा कुठे गेले. तेही मैत्रीच्या उमाळ्यानं नव्हे. काम होतं म्हणून.

काम माझ्या भाचीचं. प्रज्ञा माझ्या परभणीच्या भावाची मुलगी, शिकायला माझ्याकडे राहते. आमच्या घराण्यात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. बोंबील आठवडी बाजारात पोत्यातून यायचा, त्यामुळे हा मासा वाळलेलाच जन्माला येतो अशी माझी लहानपणी खात्री होती. अशा घरातल्या पोरीनं काय शिकावं? समुद्राचा तळ. भाऊ फोनवर विचारतो, "शकू, ही नेमकं काय करते गं?" मी सांगते, "चिखल बघते." तो म्हणतो, "मग शेतावर काय वाईट होतं?"

खोटं नाही सांगत मी. जिथं ऊन कधी पोचलंच नाही इतक्या खोल पाण्यात जहाजावरून कॅमेरा सोडतात आणि तो चिखलाचे फोटो काढतो. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, आमच्या गेटसमोरचा खोदलेला रस्ताच आहे. पण त्या चिखलात मधूनच पाच टोकांची चांदणी उमटलेली दिसते. तारामासा नाही, तो केव्हाच गेलेला. नुसती तो बसल्याची खूण. आणि एवढ्यावरून म्हणे तो कसा जगतो ते कळतं! मी हसले, तर ही म्हणाली, "आत्या, सोफ्यावर तुझ्या जागी खड्डा पडलाय. तू घरात नसलीस तरी कुणीही सांगेल तू कुठं बसतेस, किती वेळ बसतेस आणि टीव्हीकडे कुठल्या बाजूनं कलतेस." पोरगी हुशार आहे, पण तोंडाळ. घराण्याचंच वळण, दुसऱ्याला काय बोलणार!

तर खड्डा खोल असला की समजायचं, स्वारी अंग चिखलात पुरून बराच वेळ खाणं शोधत होती. एकावर एक जराशा फिरलेल्या दोन चांदण्या दिसल्या की जागच्या जागी वळली. एक हात फरफटल्यासारखा दिसला की त्या बाजूनं निघून गेली. इथवर सगळे शहाणे एका सुरात. भांडण पुढं आहे. काही फोटोंत चांदण्या ओळीनं असतात आणि मधल्या जागेत काहीच नसतं. ना रेघ, ना ओरखडा. मग प्रज्ञाचं म्हणणं, हा एकच प्राणी आहे, अंग उचलून पाण्यात तरंगतो आणि पुढं जाऊन उतरतो. तिच्या सरांचं म्हणणं, ओळीत पाच चांदण्या म्हणजे पाच प्राणी, उड्या कसल्या आल्यात?

यात माझं काही अडलं नव्हतं. पण जहाज निघणार होतं. ज्या चिखलाचे फोटो पोरीनं दोन वर्षं डोळे फुटेस्तोवर बघितले, तिथं खरोखर जाणारं जहाज, आणि त्यावर विद्यार्थ्याला जागा एकच. सर म्हणाले, "एकच तारामासा मधे रेघ न ठेवता दोन चांदण्या उमटवतो, एवढं सोमवारपर्यंत कॅमेऱ्यात दाखव. जागा तुझी. नाहीतर दुसऱ्या मुलाची, त्याला यंत्रं तरी चालवता येतात." आता खोल समुद्रातला तारामासा काय भाजीवाल्याकडे मिळतो? निदान किनाऱ्याच्या चिखलात राहणारा त्याचा भाऊबंद हवा, जिवंत. तो कॉलेजात आणायचा तर परवानगी हवी, आणि परवानगी देणारं टेबल रजेवर. तेव्हा मला माझी जिवाभावाची मैत्रीण आठवली, आणि तिच्या नवऱ्याची होडी. गरज पडली की मैत्री कशी उफाळून येते बघा!

शुक्रवार, वाटेवर

प्रज्ञाला बरोबर घेऊन भाईंदर पश्चिमेला गेले आणि बस पकडली. राई गावापर्यंत मी जागी होते, तेव्हा राईचं सांगते. खाडीकडे अजून थोडी शेतं आहेत आणि त्यांच्या छातीवर नव्या इमारती. जी झाडं तोडली त्यांचीच नावं इमारतींना दिली आहेत, म्हणजे कुणी म्हणायला नको की झाडांची आठवण ठेवली नाही. पुढं मला झोप लागली. तिथलं वर्णन ज्याला हवं त्यानं स्वतः जाऊन करावं.

पालीत उतरले तर बांबूंच्या वलांड्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मांडवांवर, बोंबील लटकलेले, थेट समुद्रापर्यंत. आमच्याकडे बाल्कनीत टॉवेल वाळत घातला तर सेक्रेटरीची नोटीस येते, आणि बोंबील तळायचा तर आधी खिडक्या लावायच्या, दाराच्या फटीत पायपुसणं कोंबायचं आणि मग चोरासारखं तळायचं. इथं अख्खं गाव वासासकट उघड्यावर वाळत होतं आणि कुणाचा चेहरा वाकडा झालेला नव्हता. गल्ल्या एवढ्या अरुंद की स्कूटर आली की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. फिलोमिना दारातच होती.

"आली गो बाय माजी! मला वाटला, आता माज्या मयताला येशील."

"तेव्हाही आले असते की नाही, सांगता येत नाही," मी म्हटलं.

"ती खात्री हाय मला," म्हणाली आणि हसत हसत मिठी मारली. लाज वाटली मला, खरंच सांगते. पण ताटात तळलेले ताजे बोंबील आणि गरम फुगे आले. फुगे म्हणजे मैद्याचे तळलेले गोल पाव, आतून पोकळ. मग लाजेला जागा उरली नाही. ताजा बोंबील इतका मऊ असतो? परभणीला आमची आयुष्यभर फसवणूक झाली.

शनिवार, सकाळ

फिलोमिनाचा नवरा पास्कोल सकाळी होडीवरून आला. त्याच्या बादलीत चिखलात लडबडलेले तीन तारामासे. "लोकं पापलेट मांगतात, सुरमई मांगतात," तो प्रज्ञाला म्हणाला. "जाल्यातून जे आमी फेकतो ते मांगनारी तूच पयली." आणि खाऱ्या पाण्याचं पिंप अंगणात ठेवून झोपायला गेला. शहाणा माणूस.

प्रज्ञा किनाऱ्यावरचा चिखल आणायला गेली होती. मी बादलीत डोकावले. काय ती घाण! आमच्या घरची शिस्त अशी की बाजारातून आलेली वस्तू आधी नळाखाली. मी दोघांना उचललं आणि परभणीच्या पद्धतीनं, मेथीची जुडी धुवावी तसं, खळखळून धुतलं. छान स्वच्छ झाले. आणि मेले.

"आत्या," प्रज्ञा म्हणाली, "यांना गोडं पाणी म्हणजे विष असतं." बस, एवढंच. रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिसरा बादलीच्या तळाशी चिखलात दडून बसला होता म्हणून वाचला. त्यात माझं पुण्य काही नाही, माझा चष्मा घरात राहिला होता.

मग फिलोमिनानं तिची परात काढली. लग्नघरात असते तसली, मांडी घालून आत बसता येईल एवढी. प्रज्ञानं तिच्यात चिखल पसरला, वर खारं पाणी सोडलं, आणि फिलोमिनाच्या देखत तिच्या परातीचं समुद्रतळात रूपांतर झालं.

"ह्यात मी नातालच्या फुग्यांचा पीठ मलते," ती मला म्हणाली, "आन तुजी भाची चिखल मलते. बघ बाय, कसे दिवस आले."

पाणी निवळलं. खुर्चीच्या दांड्याला फोन बांधून कॅमेरा चालू केला. उरलेला एकुलता एक तारामासा आत सोडला. आम्ही तिघी परातीभोवती उकिडव्या बसलो. पंगत बसली होती आणि वाढायला कुणी नव्हतं. स्वारीला काही घाई नव्हती. बऱ्याच वेळानं तो जागच्या जागी थरथरला आणि हळूहळू चिखलात उतरला. त्याच्या हातांखाली बारीक असंख्य पाय असतात, त्यांनी तो खालचा चिखल बाजूला सारतो. मग वर आला, सरकला, आणि खाली राहिली एक चांदणी. अगदी फोटोतल्यासारखी! प्रज्ञानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आता उडी मार रे बाबा, मी मनात म्हणत होते. एकदाच मार, पोरीचं भलं होऊ दे.

उडी कसली? तो सरपटत परातीच्या दुसऱ्या कडेपर्यंत गेला आणि तिथं दुसरी चांदणी पाडून बसला. दोन्ही चांदण्यांच्या मधे ही अशी ठसठशीत रेघ. पीठ सांडलेल्या ओट्यावरून बोट ओढल्यासारखी. दोन वर्षं तिनं ज्या उडीवर पानंच्या पानं लिहिली ती उडी फिलोमिनाच्या अंगणात सरपटत गेली.

प्रज्ञा उठली. "मी जरा पाण्याकडे जाऊन येते. कॅमेरा चालूच आहे. आत्या, परातीला हात लावू नकोस. वाऱ्यावरही लक्ष ठेव."

"मी इथून हलत नाही," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. आणि हलले नाहीच.

शनिवार, जेवणानंतर

दुपारी चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण होतं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण लिहिलं तर तुम्ही सगळे पालीला जाल आणि मला उरणार नाही. पहाऱ्याच्या खुर्चीत बसूनच जेवले. नंतर जे झालं त्याचा दोष त्या कालवणाला.

जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. फिलोमिना परातीशी वाकलेली, हातात रिकामा तांब्या. परातीत नुसता गढूळ काला.

"फिलो! काय केलंस तू?"

"काय केला? सकालपासून एकाच पान्यात हाय बिचारा. चिंबोऱ्या ठेवते तवा दुपारी त्यांचा पानी बदलते, तसा ह्याला बी दिला ताजा."

"नळाचं?"

फिलोमिना ताठ उभी राहिली. "मला काय परभनीची समजली? खारा हाय, पास्कोलच्या पिंपातला."

त्यांच्या घरात होडीवरून जिवंत उतरलेलं काहीही शिळ्या पाण्यात ठेवत नाहीत. पाहुण्याला पाणी विचारावं तितकं हे सहज. वर्षानुवर्षं हात ते करत आलेला, त्याला विज्ञान कुठलं थांबवतंय? आणि पहारेकरीण घोरत होती.

प्रज्ञा परत आली, परातीकडे पाहिलं आणि पायरीवर बसली. फिलोमिनाला तेव्हा कुठे कळलं की काहीतरी बिघडलंय. तिनं मला कोपऱ्यात ओढलं. "माज्यामुलं पोरीचा जहाज गेला काय गो?" तिचे डोळे भरले होते. माझेही. मी म्हटलं, "दोघींमुळं," आणि चहा टाकला. आणखी करण्यासारखं काही नव्हतं.

चहाचे कप रिकामे झाले तोवर पाणी निवळलं होतं. कप उचलायला मी गेले आणि तिथंच थबकले. दोन्ही चांदण्या जशाच्या तशा. दुसरीजवळ आमचा तारामासा, जिवंत, खुशालचेंडू. आणि मधली रेघ गायब! जणू कधी नव्हतीच.

"प्रज्ञा! अगं ऊठ! रेघ गेली! जागा आपली!"

ती आली. बघत राहिली. मग फोन सोडवून व्हिडिओ मागं नेला आणि पुन्हा पुन्हा पाहिला. पाणी पडतं, बारीक गाळ उठतो, सगळ्या चिखलावरून सरकतो आणि सावकाश खाली बसतो. रेघ उथळ, ती भरून जाते. चांदण्या खोल, त्या उरतात.

"म्हणजे उडी नाहीच, आत्या," ती हळू म्हणाली. "तो चालतच जातो. मागची रेघ पाणी पुसून टाकतं."

आता माझं परभणीचं डोकं चाललं. "हे बघ, सरांनी काय मागितलं? एक प्राणी, दोन चांदण्या, मधे रेघ नाही. हा घे फोटो. एकच फोटो पाठव. मधलं कोण विचारतंय?"

"माझं सगळं लिखाण उडीवर आहे."

"म्हणून तर सांगते! उडी उडीच राहू दे. हरिश्चंद्राचं काय झालं ते माहीत आहे ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. "जहाजावर गेल्यावर मला उडी शोधायला लागेल, आत्या. नाही ती वस्तू किती दिवस शोधू?"

मी खट्टू होऊन कप विसळायला घेतले. तिनं अख्खा व्हिडिओ पाठवला, आणि खाली लिहिलं की आपलं उडीचं म्हणणं चूक आहे. त्या व्हिडिओत फिलोमिनाचा हात बांगड्यांसकट स्पष्ट दिसतो आणि मागून माझं घोरणं ऐकू येतं. विज्ञानाला मी एवढंच देऊ शकले.

रविवार, सोमवार

रविवारी सकाळी फिलोमिना चर्चमधून आली आणि म्हणाली, "पोरीसाठी मेनबत्ती लावली." आमच्या घरात मेणबत्ती बुद्धासमोर लागते. मी म्हटलं, मी घरी गेल्यावर आणखी एक लावते. एकीनं काम होतंय याची आम्हा दोघींनाही खात्री नव्हती. तारामाशाला प्रज्ञानं पाण्यात शिरून सोडून दिलं. पास्कोल लांबून ओरडला, "उद्या परत जाल्यात आला तर वलख सांगनार न्हाय हां मी!"

सोमवारी सरांचा फोन आला तेव्हा प्रज्ञानं तो स्पीकरवर टाकला.

"व्हिडिओ पाहिला. उडी नाही."

"नाही, सर."

"पाच प्राणीही नाहीत." पलीकडून व्हिडिओतलं माझंच घोरणं ऐकू आलं. "मागं घोरतंय कोण?"

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. "आत्या, सर."

"त्यांना सांग, जहाजावर झोपायला जागा फार थोडी आहे. तू एकटीच ये."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. नळाच्या पाण्याचा तेवढा तरी चांगला उपयोग झाला.

पुन्हा पाली

प्रज्ञा जहाजावर गेली. घर एवढं शांत असतं हे मी विसरले होते. सोफ्यावर माझ्या शेजारी तिच्या जागीही खड्डा पडलाय, हे ती गेल्यावर दिसलं. भाविकाबेन क्रूझचे फोटो दाखवायला आल्या आणि तिथं बसू लागल्या, तर मी त्यांना खुर्ची दिली. पोरीची आठवण येते. त्यात टवाळी करण्यासारखं काही नाही.

मग एके दिवशी फोनवर फोटो आला. चिखलाचा, अजून काय असणार! पण आता मला वाचता येतं. ओळीनं चांदण्या, मधे रेघ नाही, आणि सगळा चिखल कंगवा फिरवल्यासारखा एकाच बाजूला निजलेला. खाली दोन ओळी: "आत्या, फिलो आंटीला दाखव. इथंही कुणीतरी पाणी ओततंय."

फोटो फिलोमिनाला पुढं पाठवता आला असता. पण मी चप्पल घातली आणि बस पकडली. या वेळी राईच्या पुढंही जागी राहिले. बसले तिथलंच वर्णन करून मधला सगळा रस्ता पुसून टाकायचा, हे मी एकदा करून चुकले होते. वाटेत डोंगरी गावाजवळ एक बाई बसमध्ये चढली, तिच्या पिशवीतून भाजीच्या पानांआडून मासळीची शेपटी बाहेर आलेली. कुणी नाक मुरडलं नाही.

फिलोमिना दारात बोंबील साफ करत बसली होती. तिनं हात पदराला पुसले, फोन दूर धरला, जवळ धरला. मी तिला सांगितलं की हे खूप खोल आहे, तिथं ऊन जात नाही, माणूस जात नाही. पाणी मात्र तिथंही हळूहळू वाहत असतं आणि रेघा पुसत असतं. तिनं चांदण्यांखालच्या प्रज्ञाच्या दोन ओळी वाचल्या.

मग तिनं विचारलं, "खाराच ओतते ना गो?"